पिवळ्या रेनकोटवाल्यावर पाळत

चौतीस वर्षं मी फॅक्टरीत तपासनीस होतो. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापात बसतो का बघायचं आणि नाही बसला तर परत पाठवायचा. समोरचा कारागीर कितीही कळवळून म्हणो, "साहब, एकदम बराबर है," तरी मोजल्याशिवाय सही करायची नाही. ही सवय नोकरीपुरती राहत नाही. घरी आलेल्या प्लंबरला मी तीन तीनदा तेच विचारायचो. औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी चिठ्ठीशी ताडून बघायचो. बायको म्हणायची, "माझ्या हातचा चहासुद्धा तुम्ही पहिले रंग पाहून घेता."

निवृत्तीनंतर वर्षभरात माझा उजवा गुडघा बदलावा लागला. पुण्याहून मुलगा पंधरा दिवस येऊन राहिला. जाताना त्यानं आपला जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत लावून दिला, त्यावर एक खेळ टाकला आणि माझ्या कानांवर हेडफोन बसवत म्हणाला, "बाबा, दिवसभर बातम्या पाहून बीपी वाढवून राहिले तुम्ही. त्यापेक्षा हे खेळा."

मी आधी हसलो. पण बायको शाळेत शिकवते, सकाळी सातला जाते ती दोनला परत येते. जबलपूरच्या विजय नगरातल्या आमच्या घरात मधले सात तास मी, वॉकर आणि भिंतीवरचं घड्याळ. आठ दिवसांत मी खेळायला लागलो.

खेळ असा होता. जगभर रोग पसरलेला, मेलेली माणसं पुन्हा उठून जिवंतांना चावत हिंडणारी. त्यांना झॉम्बी म्हणतात हे मुलानं सांगितलं होतं, मी आपला मुडदे म्हणायचो. चौघांनी मिळून एखादी जागा धरायची, बाहेर जाऊन अन्न आणि औषधं गोळा करायची आणि जितके दिवस निघतील तितके काढायचे. चौघंही आपापल्या घरी बसलेली, एकमेकांना कधी न पाहिलेली. बोलायचं ते माईकवरून, नाहीतर टाइप करून.

मला जी टोळी मिळाली तिच्यात एक भोपाळचा पोरगेला आवाज होता. लाल टोपी घातलेला त्याचा माणूस सगळ्यांच्या पुढे पळायचा. दुसरी एक बाई, तिला सगळे दीदी म्हणायचे. ती कुठं राहते हे तिनं कधी सांगितलं नाही, पण बोलणं शांत आणि हात स्थिर. चौथा पिवळ्या रेनकोटातला. तो माईक कधीच उघडायचा नाही. इंग्रजी अक्षरांत एकेक शब्द टाइप करायचा. हाँ. नहीं. रुको. बस, तेवढंच. मला सगळे अंकल म्हणायचे, कारण आवाजावरून वय लपत नाही.

आम्ही एक जुना पेट्रोल पंप धरला होता. मागे शेड, भोवती पत्र्याची भिंत आणि पुढे जाळीचं लोखंडी गेट. गेट चार आकडी नंबरानं उघडायचं, पण आतून कडी लावली की नुसत्या नंबरानं उघडत नसे. गुडघ्यामुळे असेल किंवा बोटांच्या संथपणामुळे, मला बाहेर पळापळ जमत नव्हती. टोपीवाला म्हणाला, "अंकल, आप गेट देखो."

गेट देखणं म्हणजे या खेळातलं सगळ्यात अवघड काम. कारण मुडदा कोणाला चावला हे फक्त चावलेल्याला दिसतं. त्याच्या पडद्यावर मनगटाशी काळा डाग येतो. दुसऱ्यांना काहीच कळत नाही. आठ मिनिटांत इंजेक्शन मिळालं तर तो वाचतो, नाहीतर मुडदा होतो. त्या वेळी तो गेटच्या आत असला तर सगळी टोळी संपते आणि कित्येक दिवसांचं साठवलेलं जातं. म्हणून बाहेरून कोणी आलं की मी विचारायचो, "काटा क्या?" आणि समोरच्याच्या उत्तरावर गेट उघडायचं की नाही ते ठरवायचो. मोजायला हातात काही नाही, नुसता शब्द. माझ्यासारख्या माणसाला ही मोठी शिक्षा होती, आणि खरं सांगायचं तर तिची चटकही लागली.

पहिले तीन आठवडे छान गेले. मी दीदीला जबलपूरबद्दल सांगायचो. कमानिया गेटजवळची खव्याची जिलेबी कशी काळी असते आणि गरमच का खायची, असलं काहीबाही. टोपीवाला परीक्षेचा अभ्यास सोडून खेळायचा, त्याला मी रोज रागवायचो. रेनकोटवाला ऐकत असावा. कधी कधी तो एक हसरा चेहरा टाइप करायचा.

मग एक दिवस सकाळी दहाला आम्ही खेळात आलो आणि पाहतो तर शेड रिकामी. डबे, काडतुसं, इंजेक्शनं, काही नाही. आम्ही कोणी नसताना दुसरी टोळी येऊन सगळं घेऊन गेली होती. गेट तुटलेलं नव्हतं. आम्ही नसलो की आतली कडी नसायची, म्हणजे त्यांनी नंबर टाकून उघडलं होतं.

नंबर चौघांनाच ठाऊक होता.

"मैंने तो किसी को नहीं बताया," टोपीवाला लगेच म्हणाला.

"मैंने भी नहीं," दीदी म्हणाली.

रेनकोटवाल्यानं बऱ्याच वेळानं टाइप केलं, "नहीं."

माझ्या डोक्यात तपासनीस जागा झाला. दुसऱ्या दिवसापासून मी एक वही घेऊन बसायला लागलो. रेनकोटवाल्याच्या हालचाली टिपायच्या. तीन-चार दिवसांतच दोन गोष्टी दिसल्या. एक, बाहेर गेलं की तो सगळ्यात आधी औषधाच्या दुकानात शिरायचा आणि काय मिळालं ते कधी सांगायचा नाही. दोन, रोज साडेअकराच्या सुमारास तो जिथं असेल तिथं पुतळ्यासारखा उभा राहायचा. दहा-बारा मिनिटं. मग जणू काही झालंच नाही असा चालायला लागायचा.

या दहा मिनिटांत तो कुठं जातो? मला वाटलं, दुसऱ्या टोळीशी बोलतो. आमचा नवा नंबर, आमचा साठा, सगळं तिकडं कळवतो. मी वहीत लिहिलं, "११.३२ थांबला. ११.४४ हलला." खाली तारीख.

ही वही बायकोच्या हाती लागली. ती दुपारी शाळेतून आली, साडीचा पदर खोचला आणि वही माझ्यापुढे धरून उभी राहिली.

"हे काय आहे? कोण थांबला, कोण हलला? कोणाच्या घरावर नजर ठेवून राहिले तुम्ही?"

"खेळातलं आहे ते."

"आणि परवा तुम्ही कानाला लावून कोणाला सांगत होते, दीदी तुम अंदर आ जाओ, मैं अकेला हूँ? शेजारच्या काकूंनी ऐकलं खिडकीतून."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पेट्रोल पंप दाखवला, गेट दाखवलं, मुडदे दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अच्छा. म्हणजे तुम्ही इथंही इन्स्पेक्शनच करून राहिले." वही तिनं परत दिली, पण पुढचे काही दिवस ती शाळेतून मधल्या सुट्टीत फोन करायची आणि मागे काय आवाज येतो ते ऐकायची. मला कळत होतं.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. आमच्या गल्लीत अकराच्या पुढे कचरागाडी येते. तिच्या भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं लागलेलं असतं, पण भोंगा खराब आहे. गाण्याच्या मध्ये एका शब्दावर तो अडकतो, तीनदा तोच शब्द म्हणतो आणि पुढे जातो. गाडी आली, आमचा कचरा घेऊन गेली, मी खिडकी लावून पुन्हा खेळात बसलो. पाच-सहा मिनिटांनी हेडफोनमध्ये खर्र झालं. कोणाचा तरी माईक चुकून उघडला होता. पडद्यावर रेनकोटवाल्याच्या डोक्यावर माईकची खूण दिसत होती, पहिल्यांदाच.

आणि कानात तेच गाणं आलं. त्याच शब्दावर अडकलं. तीनदा. त्याच्यामागे एक बाई मराठीत म्हणाली, "अहो, वेळ झाली. चला न आता." मग माईक बंद झाला आणि रेनकोटवाला पुतळा झाला.

हा माणूस दिल्लीत नव्हता, कलकत्त्यात नव्हता. कचरागाडीच्या वाटेवर माझ्यापासून पाच मिनिटांवर होता. मराठी घरातला होता. गेला महिनाभर मी बोललेलं सगळं त्यानं ऐकलं होतं, आणि मराठीचा एक शब्द त्यानं कधी टाइप केला नव्हता. मी काय काय बोललो होतो ते आठवायला लागलो. माझा गुडघा बदललाय, मला पळता येत नाही. बायको दोनपर्यंत घरी नसते. मुलगा पुण्यात असतो. चोराला आणखी काय लागतं? हल्ली फसवणुकीच्या बातम्या रोज वाचतो आपण. मी उठून पुढच्या दाराची वरची कडी लावून आलो.

बायकोला सांगितलं नाही. ती घाबरली असती, किंवा हसली असती. दोन्ही नको होतं.

डॉक्टरांनी काठी घेऊन थोडं चालायला सांगितलंच होतं. दुसऱ्या दिवशी कचरागाडी आली तसा मी काठी घेऊन तिच्यामागे निघालो. घड्याळ बघत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. गाडी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबायची, मी चार पावलं मागे उभा राहायचो. गाडीवरच्या माणसानं दोनदा वळून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "अंकल, कुछ गिर गया क्या कचरे में?"

"नहीं भैया, ऐसे ही टहल रहा हूँ."

आमच्या दारापासून पाच-सहा मिनिटं धरली तर गाडी पाचव्या गल्लीत असायची. तिथं अकरा घरं. पाट्या वाचत मी हळूहळू चाललो. दोन आडनावं मराठी. एका घराला कुलूप होतं, अंगणात पालापाचोळा साचलेला. दुसरं घर बसकं, फिकट हिरव्या रंगाचं. पुढच्या दोरीवर छोटे छोटे पांढरे चौकोनी कपडे एका ओळीत वाळत होते, बाळाच्या लाळेऱ्यांसारखे. घरात तान्हं मूल असावं असं मला वाटलं. खिडकीचा पडदा हलला आणि कोणीतरी मागे सरकलं.

तीन दिवस मी तसाच जात राहिलो. चौथ्या दिवशी त्या घराचे पडदे ओढलेले होते. संध्याकाळी बायको म्हणाली, "तुम्ही कचरागाडीच्या मागे काहून फिरून राहिले? बाजारात दोघींनी विचारलं मला."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे."

"गाडीच्या मागेच?"

तिनं पुढे विचारलं नाही, पण त्या रात्री जेवताना तिची नजर माझ्यावरच होती.

पुढच्या सोमवारी खेळात आमची वेळ वाईट होती. टोपीवाला जखमी होऊन शेडमध्ये पडलेला, पट्ट्या संपलेल्या. दीदी छतावर पहारा देत होती. रेनकोटवाला एकटाच औषधं आणायला गेला होता. बराच वेळ तो दिसला नाही. मग रस्त्याच्या टोकाला पिवळा ठिपका दिसला. तो पळत येत होता आणि त्याच्या बऱ्याच मागे मुडद्यांचा मोठा घोळका.

तो गेटशी आला. टाइप केलं, "खोलो."

"काटा क्या?" मी विचारलं.

"नहीं."

"इतनी देर कहाँ थे?"

उत्तर नाही. घोळका जवळ येत होता.

"अंकल, खोल दो," दीदी छतावरून म्हणाली.

मी म्हणालो, "एक मिनट. आज मुझे आवाज़ सुननी है. माइक खोलो और बोलो कि नहीं काटा."

"नहीं काटा," त्यानं पुन्हा टाइप केलं. मग, "प्लीज़."

"बोलके बताओ. एक महीना हो गया, तुम बोलते क्यों नहीं? मुझे पता है तुम कहाँ रहते हो."

ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला आजही कळत नाही. रेनकोटवाला क्षणभर थांबला. मग त्याच्या डोक्यावर माईकची खूण उमटली. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

शब्द आला नाही. आली ती घरघर. ओली, जोराची, आत ओढलेली आणि बाहेर टाकलेली. पुन्हा एकदा, जास्त घाईनं. खेळात माणूस मुडदा व्हायच्या आधी अगदी असाच आवाज करतो. मी म्हणालो, "ये तो गया. दीदी, ये पलट रहा है." आणि आतली कडी तशीच लावलेली ठेवली.

तो पळाला नाही. गेटला पाठ लावून लढत राहिला. मिनिटभर टिकला असेल. मग पिवळा रेनकोट घोळक्यात दिसेनासा झाला.

या खेळात कोणी मेलं की पडद्यावर त्याची अवस्था येते. त्या शेवटच्या हल्ल्याआधी तो चावलेला होता की नव्हता ते तेव्हा सगळ्यांना दिसतं. त्याच्या नावापुढे हिरवी खूण आली. तो साफ होता.

घोळका पांगल्यावर दीदी बाहेर जाऊन त्याची पिशवी घेऊन आली. तिच्यात पट्ट्या होत्या, दोन इंजेक्शनं होती आणि एक डबा होता. तिनं पट्ट्या टोपीवाल्याला बांधल्या. तो म्हणाला, "अंकल, एक बात बोलूँ? वो नंबर मैंने बताया था. मेरा एक दोस्त है, दूसरी टीम में. मुझे नहीं लगा था कि वो लूट लेंगे. फिर डर गया, इसलिए बोला नहीं."

मी हेडफोन काढून ठेवला आणि कॉम्प्युटर बंद केला.

रेनकोटवाला दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. नव्या डावात त्याची जागा रिकामी दिसायची. पाचव्या दिवशी टोपीवाला नव्हता, दीदी आणि मी दोघंच होतो. ती नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, "अंकल, मैं सोच रही थी, उस दिन बोलूँ कि नहीं. वो जो आवाज़ थी ना, मैंने पहले सुनी है. मेरे ससुर जी के गले का ऑपरेशन हुआ था. आवाज़ की नली निकाल दी थी. गले में छेद था, उसी से साँस लेते थे. वो कुछ बोलना चाहते तो ऐसी ही आवाज़ आती थी."

मी कीबोर्डवरून हात काढले.

"गले पर छोटा सफ़ेद कपड़ा बाँधते थे," ती म्हणाली. "रोज़ धोना पड़ता था. मेरी सासू जी पूरी रस्सी भर देती थीं."

माझ्या डोळ्यांपुढे ते हिरवं घर आलं आणि दोरीवरची पांढरी ओळ. त्या घरात बाळ नव्हतं. मी त्याला बोलून दाखव म्हणालो होतो, आणि त्यानं माईक गळ्याशी नेऊन मला होतं तेवढं ऐकवलं होतं.

दुपारी बायको आल्यावर मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती चहा करायची थांबली. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "मग अजून इथं काय करून राहिले? जा."

"तू पण चल."

"मी नाही येत. ऐकलं तुम्ही, उघडलं नाही तुम्ही. तुम्हीच जा."

मी गेलो. पडदे ओढलेलेच होते. बेल दाबली तर दाराच्या जाळीमागे एक बाई आली, साठीच्या आसपासची. तिनं जाळी उघडली नाही.

"किससे काम है?"

"मी पहिल्या गल्लीतून आलो. तुमच्या घरी कोणी कॉम्प्युटरवर खेळतं का? पिवळ्या रेनकोटाचा माणूस घेऊन?"

मराठी ऐकून तिचा चेहरा सैल झाला नाही, उलट आवळला. "तुम्हाले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी अंदाज केला."

"कचरागाडीच्या मागे फिरत होते ते तुम्हीच न?" ती म्हणाली. "चार दिवस पाहिलं मी. आमच्या दोरीकडे पाहत होते, पाटी वाचत होते. मी ह्यांना म्हटलं, कोणी घर हेरून राहिलं. दोघं घाबरून बसलो आम्ही. आणि मग खेळात कोणी ह्यांना म्हणालं, तू कुठं राहतो ते मला माहीत आहे. तेही तुम्हीच?"

"हो. मीच."

"काहून?"

मी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. म्हणालो, "मला तुमच्यावर संशय होता. म्हणजे त्यांच्यावर. ते बोलत नव्हते म्हणून."

तिच्या मागून पावलांचा आवाज आला. किडकिडीत, उंच माणूस, पांढरा शर्ट आणि गळ्यावर बांधलेला तो पांढरा चौकोन. त्यानं बायकोच्या खांद्याला हात लावला तशी ती बाजूला झाली. जाळी त्यानं उघडली. हातातल्या फोनवर काहीतरी टाइप करून माझ्यापुढे धरलं. मराठीत लिहिलं होतं.

"गेटवर तुम्ही होते."

"हो," मी म्हणालो. "माझं चुकलं. तुम्ही सांगत होते, मला कळलं नाही."

त्यानं पुन्हा टाइप केलं. "मी पहिल्यांदा कोणापुढे आवाज काढला. घरचे सोडून."

मला खाली बघावंसं वाटलं. बघितलं नाही, एवढंच.

मग त्यानं मला आत बसवलं. बाईनं पाणी दिलं आणि दारापाशीच उभी राहिली. तिच्याकडून कळलं की त्यांचं शहराजवळच्या भेडाघाटला संगमरवरी मूर्तींचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांना हाका मारायच्या, एकेका मूर्तीची गोष्ट सांगायची, असं यांचं काम. ऑपरेशनला दीड वर्ष झालं. दुकान पुतण्याला दिलं. तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत, कारण भेटेल तो बोलायला लागतो आणि मग मध्येच गप्प होतो. साडेअकराला ती त्यांची गळ्यातली नळी साफ करते आणि खायला देते, म्हणून खेळात उभं राहावं लागायचं.

"मग मराठी आहात हे काहून नाही सांगितलं?" मी त्याला विचारलं. "मी जबलपूरचा आहे ते तर तुम्हाला कळलं होतं."

त्यानं बराच वेळ टाइप केलं. "जिलेबीवरून पहिल्याच आठवड्यात कळलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाले असते, माईकवर या, मराठीत बोलू. नाहीतर घरी या. तिथं मी तुमच्यासारखाच होतो."

निघताना मी विचारलं, "पुन्हा याल का खेळायला?"

त्यानं बाईकडे पाहिलं. बाई म्हणाली, "पाहू."

आठवडाभर तो आला नाही. मी रोज दहाला बसायचो आणि रिकामी जागा बघून खेळायचो. मग एका सकाळी पिवळा रेनकोट शेडमध्ये उभा दिसला. टोपीवाला काही विचारणार होता, दीदीनं त्याला गप्प केलं. रेनकोटवाल्यानं नवं काही ठरवून आणलं होतं. त्यानं टाइप केलं की टाइप करायला वेळ लागतो, तर आता माईकवर बोटानं टिचकी मारीन. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आम्ही कबूल झालो.

त्या दिवशीच तो बाहेर गेला आणि अर्ध्या तासानं पळत परत आला. मागे दोनच मुडदे. मी तो यायच्या आधीच कडी काढली आणि गेट सताड उघडलं. टोपीवाला ओरडला, "अंकल, पूछा नहीं आपने?"

मी म्हणालो, "नहीं पूछना."

रेनकोटवाला आत आला नाही. गेटबाहेर चार पावलांवर थांबला. हेडफोनमध्ये टक टक झालं. दोन टिचक्या. नाही.

"क्या नहीं?" मी म्हणालो. मग कळलं. मी विचारलं, "काटा क्या?"

टक. एकच.

आमच्याकडची इंजेक्शनं संपली होती. त्यानं पाठीवरची पिशवी काढून गेटच्या आत टाकली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसला, जिथून तो पलटला तरी आमच्यापर्यंत लगेच पोचणार नाही. दीदी म्हणाली, "गेट बंद करो, अंकल." मी बंद केलं. या वेळी बंद करणंच बरोबर होतं, तरी बटण दाबायला मला वेळ लागला. शेवटची पाच-सहा मिनिटं मी जाळीतून त्याच्याकडे बघत मराठीत काहीबाही बोलत बसलो. गुडघा आता किती वाकतो, डॉक्टर काय म्हणाले. मधूनमधून तो एक टिचकी मारायचा.

दुपारी बायको आली तेव्हा मी तसाच खुर्चीत होतो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तो गेला. पाचव्या गल्लीतला."

तिनं पर्स टेबलावर टाकली आणि भिंतीला हात टेकला. "कधी? बाईंना कोणी सांभाळायला आहे का तिथं?"

"अगं, खेळात," मी म्हणालो. "उद्या दहाला येतोच आहे."

तिनं चप्पल काढली, कुकरमध्ये डाळ लावली आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली की रविवारी त्या दोघांना जेवायला बोलवा, पण त्यांना काय गिळता येतं ते आधी बाईंना विचारून घ्या.